ओटो ब्राम : परीक्षण लिहिणारा नाट्यसंचालक

ओटो ब्राम या जर्मन नाट्यसमीक्षकाचा जन्म ५ फेब्रुवारी १८५६ रोजी हॅम्बुर्गमधील एका ज्यू कुटुंबात झाला. मूळ आडनाव अब्राहामसोन. काही काळ बँकेत काम करून तो साहित्याच्या अभ्यासाकडे वळला आणि बर्लिनमध्ये विल्हेल्म शेरर या नामवंत प्राध्यापकाचा शिष्य झाला. लेखकाचे आयुष्य, त्याचा काळ आणि संहिता बारकाईने तपासल्याशिवाय मत द्यायचे नाही, ही शेररची शिस्त ब्रामच्या अंगी कायमची मुरली. १८८४ मध्ये त्याने नाटककार क्लाइस्टचे चरित्र प्रसिद्ध केले. शिलरच्या चरित्राचे दोन भाग १८८८ आणि १८९२ मध्ये निघाले, पण ते पुरे झाले नाही; तोवर रंगभूमीने त्याला ओढून नेले होते.

१८८० च्या दशकात तो बर्लिनच्या ‘फॉसिशे त्साइटुंग’ या प्रतिष्ठित दैनिकात नाट्यपरीक्षणे लिहू लागला. कादंबरीकार थिओडोर फोंटाने त्याच पत्रात परीक्षणे लिहीत असे. शिलरची नाटके पल्लेदार, आळवलेल्या सुरात म्हणणे हा तेव्हाच्या अभिनयाचा मानदंड होता. ब्रामला तो सूर खोटा वाटे. जानेवारी १८८७ मध्ये बर्लिनमध्ये इब्सेनच्या ‘भुते’चा एकच प्रयोग होऊ शकला. त्याच वर्षी ब्रामने इब्सेनवर प्रबंध लिहून आपली बाजू जाहीर केली.

खरी अडचण पोलिसांची होती. सार्वजनिक प्रयोगाला त्यांची पूर्वपरवानगी लागे. सभासदांपुरत्या खाजगी प्रयोगाला लागत नसे. पॅरिसमध्ये आंद्रे आंत्वानने १८८७ मध्ये सुरू केलेल्या ‘मुक्त रंगभूमी’चा आदर्श समोर ठेवून ब्राम, पाउल श्लेन्थर, माक्सिमिलिआन हार्डेन, प्रकाशक सामुएल फिशर आदींनी एप्रिल १८८९ मध्ये ‘फ्राइए ब्यूने’ ही संस्था काढली. ब्राम तिचा अध्यक्ष झाला. स्वतःचे नाट्यगृह नाही, नटसंच नाही. दोन्ही प्रयोगापुरते मिळवायचे. २९ सप्टेंबरला ‘भुते’ने आरंभ झाला आणि २० ऑक्टोबरला गेर्हार्ट हाउप्टमान या अपरिचित तरुणाचे ‘सूर्योदयापूर्वी’ आले. त्यातील प्रसूतीच्या प्रसंगाचा निषेध म्हणून प्रेक्षकांतल्या एका डॉक्टरने प्रसूतीचा चिमटाच उंचावून दाखवला. गदारोळ झाला, पण जर्मन नाटकाला नवा लेखक मिळाला. फोंटानेने त्याचे स्वागत केले.

हाउप्टमानचे ‘विणकर’ हे नाटक सायलेशियातील विणकरांच्या १८४४ च्या उठावावर आधारलेले. त्यावर बंदी आली, म्हणून संस्थेने १८९३ मध्ये त्याचा खाजगी प्रयोग केला. पुढे न्यायालयाने बंदी उठवली ती विलक्षण कारणाने: ते जिथे होणार होते त्या बर्लिनच्या ‘डॉइचेस थिएटर’ची तिकिटे इतकी महाग, की कामगार तिथे फारसे येणारच नाहीत! १८९४ मध्ये हेच नाट्यगृह ब्रामच्या हाती आले. त्याने सप्टेंबरात ‘विणकर’ जाहीरपणे रंगवले, तेव्हा सम्राट दुसऱ्या विल्हेल्मने तिथली आपली राखीव बैठक सोडून दिली.

संचालक म्हणून ब्राम समीक्षकच राहिला. संहिता बारकाईने वाचायची, नटांकडून रोजच्या बोलण्याचा सूर काढायचा, मोठ्या नटालाही मेळाच्या बाहेर जाऊ द्यायचे नाही, ही त्याची रीत. एल्से लेमान, रुडोल्फ रिटनर, ऑस्कर झाउअर यांचा अभिनय तिच्यातून घडला. मर्यादाही तिथेच होती. शिलरचा हा चरित्रकार संचालक म्हणून प्रथम शिलरचेच ‘कट आणि प्रेम’ घेऊन आला, तेव्हा साध्या बोलण्याच्या ढंगामुळे ते साफ पडले. काव्य, रंग, उत्सव यांना त्याच्या रंगमंचावर फारशी जागा नव्हती. ती कसर त्यानेच १८९४ मध्ये नट म्हणून बर्लिनला आणलेल्या माक्स राइनहार्टने पुढे भरून काढली आणि १९०५ मध्ये ‘डॉइचेस थिएटर’ची सूत्रे घेतली.

ब्राम १९०४ मध्येच ‘लेसिंग थिएटर’मध्ये गेला होता. तिथे त्याने इब्सेन आणि हाउप्टमान यांची नाटके अखेरपर्यंत निष्ठेने केली. त्याच्या नटसंचाच्या इब्सेन-प्रयोगांना एकजीव अभिनयाचा नमुना मानले गेले. २८ नोव्हेंबर १९१२ रोजी बर्लिनमध्ये त्याचे निधन झाले. त्यानंतर श्लेन्थरने संपादित केलेले त्याचे समीक्षालेखन फिशरच्याच प्रकाशनसंस्थेने दोन खंडांत छापले.