बालकल्याण समिती आणि सामाजिक तपासणी अहवाल

निराधार, हरवलेल्या किंवा घरातच छळ सोसणाऱ्या बालकाने कुटुंबात राहावे की संस्थेत, हे ठरविण्याचा अधिकार बाल न्याय अधिनियम, २०१५ अन्वये बालकल्याण समितीला आहे. अध्यक्ष व चार सदस्य अशी तिची रचना असून, त्यांत किमान एक महिला असणे बंधनकारक आहे.

कार्यपद्धती
छत्रपती संभाजीनगरच्या रेल्वे स्थानकावर एकटे मूल आढळल्यास, प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत त्याला समितीपुढे हजर करावे लागते. सामाजिक तपासणी १५ दिवसांत आणि अंतिम आदेश चार महिन्यांत अपेक्षित असतो. वय निश्चित करताना आधी शाळेचा दाखला, तो नसल्यास जन्मदाखला आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय चाचणी, असा क्रम कायद्याने घालून दिला आहे.

अनेकांची नजर
कुटुंबाची स्थिती, उत्पन्न, आजारपण, व्यसन, हिंसा, शिक्षण आणि मुलाचे स्वतःचे म्हणणे या साऱ्यांचा विचार अहवालात व्हावा लागतो. ही माहिती एकट्या समाजसेवकाकडे नसते. डॉक्टरला जखम दिसते, शिक्षकाला गैरहजेरी, अंगणवाडी सेविकेला घरातील उपासमार, तर पोलिसांना आधीची तक्रार ठाऊक असते. मराठवाड्यात ऊसतोडणीच्या हंगामात आई-वडील परजिल्ह्यात असतात. अशा वेळी कुलूप लावलेल्या घराला भेट देऊन ‘पालक आढळले नाहीत’ एवढेच लिहिले गेले, तर आई-वडील असलेले मूल विनाकारण संस्थेत जाऊ शकते. शेजारी व शाळा यांच्याकडे चौकशी केल्यास हा अनर्थ टळतो.

उलट चूकही तितकीच घातक ठरते. लंडनमध्ये २००० साली आठ वर्षांच्या व्हिक्टोरिया क्लिंबीचा छळामुळे मृत्यू झाला. रुग्णालये, पोलीस व समाजसेवा विभाग या सर्वांचा तिच्याशी संबंध आला होता. पण माहितीचे तुकडे कोणी वेळेत जुळविले नाहीत. २००३ च्या लॉर्ड लेमिंग अहवालाने हेच दाखवून दिले.

कुटुंबाला आधार
संस्थेत ठेवणे हा कायद्यानुसार अखेरचा पर्याय आहे. राज्याच्या बालसंगोपन योजनेत २०२३ मध्ये दरमहा २,२५० रुपयांचे साहाय्य ठरविण्यात आले. निव्वळ गरिबीमुळे घर तुटू नये, यासाठी त्याचा उपयोग होतो. बालकाची ओळख उघड करण्यास कायद्याने मनाई आहे. संकटातील मूल दिसल्यास नागरिकांनी १०९८ या क्रमांकावर कळवावे.