जैसलमेरचा उन्हाळा

थरच्या वाळवंटातले जैसलमेर भाटी राजपूत रावळ जैसल याने ११५६ मध्ये त्रिकूट टेकडीवर वसवले. सिंधकडे जाणारे उंटांचे तांडे इथे थांबत. त्यांच्या जकातीवर हे शहर मोठे झाले. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, म्हणून तांडे रात्री ताऱ्यांच्या आधाराने चालत आणि दिवसा सावली धरून पडून राहत. पाणी कुठे आहे, यावरच मुक्काम ठरे. शहराची तहान गडीसर तलावाने शतकानुशतके भागवली, तीही केवळ साठवलेल्या पावसाच्या पाण्यावर.

घरांनीही उन्हाशी जुळवून घेतले. अरुंद गल्ल्या एकमेकींवर सावली धरतात, जाड पिवळ्या दगडी भिंती ऊन अडवतात, आणि मधल्या चौकातून, कोरीव जाळ्यांतून वारा खेळतो. एकोणिसाव्या शतकात उभ्या राहिलेल्या पटवा व्यापारी घराण्याच्या हवेल्या याचा देखणा नमुना होत. त्यांच्या नक्षीची तारीफ सगळेच करतात. पण त्यामागची ही समज अधिक थोर आहे.

पुढे मुंबई बंदर वाढले, माल समुद्रमार्गे जाऊ लागला आणि तांडे ओसरले. फाळणीने सिंधची वाटही बंद केली. १९६५ च्या भारत-पाक युद्धानंतर रेल्वे आली. सत्यजित राय यांच्या १९७४ च्या ‘सोनार केल्ला’ या बंगाली चित्रपटामुळे त्रिकूट टेकडीवरचा किल्ला पाहायला बंगाली प्रवासी येऊ लागले. पर्यटनाचा हंगाम मात्र ऑक्टोबर ते मार्च असाच राहिला. शाळेच्या सुट्टीमुळे मे महिन्यातच पहिल्यांदा जाणाऱ्यांनी तांड्यांची रीत पाळावी: पहाटे किल्ला पाहावा, दुपारी सावलीत थांबावे आणि ऊन कलल्यावरच वाळूच्या टेकड्यांकडे निघावे.