पैठणचा गाळ आणि टुंड्राचं पाखरू

हिवाळ्यात नाथसागरच्या काठी गेलात, तर बहुतेकांचे कॅमेरे फ्लेमिंगोंकडे वळलेले दिसतील. त्याच काठावर, अगदी पायाजवळच्या चिखलात, चिमणीएवढे मातकट पक्षी भराभर चोच टोचत पळत असतात. त्यांचा फोटो सहसा कोणी काढत नाही. हा लिटल स्टिंट. वजन जेमतेम २० ते ४० ग्रॅम. जन्म मात्र आर्क्टिक टुंड्रातला, म्हणजे नॉर्वेच्या उत्तर टोकापासून रशियाच्या उत्तर किनाऱ्यापर्यंतच्या पट्ट्यातला. पैठणपासून हे अंतर सरळ रेषेतही पाच हजार किलोमीटरच्या वर जातं.

टुंड्रा म्हटलं की भूगोलाच्या पुस्तकातला ओसाड बर्फ आठवतो. तिथे झाडं नाहीत, कारण थोड्याच खोलीवर जमीन बारमाही गोठलेली असते. पण उन्हाळ्याचे काही आठवडे सूर्य मावळत नाही. वरचा थर वितळतो, डबकी साचतात, डास आणि किडे लाखोंनी निघतात. स्टिंटचं पिल्लू अंड्यातून बाहेर आल्यावर काही तासांतच स्वतः किडे टिपू लागतं. प्रौढ पक्षी आधी दक्षिणेकडे निघतात. पिल्लं मागून निघतात आणि कधीही न पाहिलेल्या वाटेने उडतात.

ती पैठणला उतरतात, त्यामागे आपला अलीकडचा इतिहास आहे. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते जायकवाडी धरणाची पायाभरणी झाली, १९७६ साली इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं. दुष्काळी मराठवाड्यासाठी गोदावरीवर सुमारे दहा किलोमीटर लांबीची भिंत उभी राहिली. जलाशयाला संत एकनाथांचं नाव मिळालं. साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या आसपास जमीन पाण्याखाली गेली. शंभरावर गावांना त्याची झळ बसली, आणि पिढ्यान्‌पिढ्या कसलेली काळी रानं बुडाली.

नाथसागर खोल कमी आणि पसरट जास्त. पावसाळ्यानंतर कालव्यांना आणि शहरांना पाणी सुटतं, तसं पाणी मागे सरकतं आणि काठावर मैलोगणती ओला गाळ उघडा पडतो. त्यात अळ्या, किडे, कृमी. टुंड्रा गोठलेला असताना पाखराला हवं असतं ते सगळं इथे मिळतं. धरण बांधणाऱ्यांनी पक्ष्यांचा विचार केला नव्हता, पण पक्ष्यांनी धरण शोधून काढलं.

कायदा मागून आला. भारत आणि सोव्हिएत संघाने १९८४ साली स्थलांतरित पक्ष्यांच्या आणि त्यांच्या अधिवासाच्या रक्षणासाठी करार केला. १९८६ साली जायकवाडी पक्षी अभयारण्य जाहीर झालं. पण ज्या गाळात पाखरं चरतात, त्याच गाळात काठचे शेतकरी गाळपेर करतात. ज्यांची रानं बुडाली, त्यांना उन्हाळ्यापुरती उघडी पडणारी जमीन परकी कशी वाटणार? अभयारण्याचा नकाशा काढताना हा प्रश्न सुटला नाही. आता जलाशयावर तरंगते सौर पॅनल बसवण्याचा प्रस्ताव आहे, आणि त्यावरचा वाद २०२५ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला.

दुसऱ्या टोकालाही असंच आहे. रशियाच्या यामाल द्वीपकल्पावर नेनेत्स लोक रेनडिअरचे कळप घेऊन ऋतूप्रमाणे फिरतात. तिथल्या जमिनीखाली प्रचंड नैसर्गिक वायू आहे. बोवानेन्कोवो क्षेत्रातून २०१२ साली उत्पादन सुरू झालं, आणि कळपांच्या वाटांवर पाइपलाइन, रस्ते आणि रेल्वे आली. मे २०२० मध्ये नोरील्स्क शहराजवळ टाकी फुटून २० हजार टनांहून अधिक डिझेल सांडलं. पायाखालची गोठलेली जमीन खचल्याचं कारण कंपनीने दिलं. बर्फ लवकर वितळला की किडेही लवकर निघतात, आणि उशिरा जन्मलेल्या पिल्लांना ते पुरत नाहीत. रेड नॉट या स्टिंटच्याच कुळातल्या पक्ष्याची पिल्लं यामुळे आकाराने लहान राहत असल्याचं संशोधकांना २०१६ साली दिसून आलं.

म्हणून एका टोकाला अभयारण्याची पाटी लावून भागत नाही. टुंड्रात उपाशी राहिलेलं पिल्लू पैठणला पोचणार नाही, आणि पैठणला पोट न भरलेला पक्षी वसंतात टुंड्रापर्यंत परतणार नाही. त्याच्या दोन्ही घरांवर माणसांचाही हक्क आहे. नेनेत्स पशुपालकाचा आहे, तसाच गाळपेर करणाऱ्या शेतकऱ्याचाही. पाखराच्या नावाने त्यांना हुसकावलं तर १९६५ मधलीच चूक पुन्हा होईल.

छत्रपती संभाजीनगरात दिल्ली दरवाजाजवळच्या जुन्या खिजरी तलावाला आज सलीम अलींचं नाव आहे. शहराच्या नळाला येणारं पाणी मात्र नाथसागरचं. ते पाणी जसजसं उपसलं जातं, तसतसा काठावर गाळ उघडा पडतो. आपला रोजचा हंडा आणि त्या पाखराचा दाणा एकाच तळ्यातून येतो. पुढच्या वेळी फ्लेमिंगोचा फोटो काढून झाला, की एकदा पायाजवळही बघा.