न्हावा-शेवा ठप्प होते तेव्हा...

वीज, बँका, दूरसंचार, वाहतूक यांच्या ज्या संगणक यंत्रणा बंद पडल्यास देशाची सुरक्षा वा अर्थव्यवस्था धोक्यात येते, त्यांच्या रक्षणाची तरतूद माहिती तंत्रज्ञान कायद्यात आहे. 'संरक्षित' म्हणून घोषित यंत्रणेत अनधिकृत शिरकाव केल्यास कलम ७० अन्वये १० वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. कलम ७०-अ नुसार या कामासाठी जानेवारी २०१४ मध्ये स्वतंत्र राष्ट्रीय केंद्रही नेमण्यात आले.

तथापि, संकट येण्यासाठी आपण शत्रूचे लक्ष्य असलेच पाहिजे असे नाही. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधील हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून 'नॉटपेट्या' हा संगणकीय विषाणू पसरला. डेन्मार्कच्या मर्स्क समूहाचे संगणक त्याने निकामी केले आणि या समूहाच्या न्हावा-शेवा येथील टर्मिनललाही फटका बसला. तेथे कंटेनरच्या नोंदी हाताने करण्याची वेळ आली. समूहाला सुमारे ४ हजार सर्व्हर आणि ४५ हजार संगणक नव्याने उभारावे लागले.

अशा विषाणूला शिक्षेचे भय नसते. नियंत्रण यंत्रणेचे जाळे कार्यालयीन जाळ्यापासून अलग ठेवणे, माहितीच्या प्रती जोडणीबाहेर जपणे आणि संगणकाविना काम चालविण्याचा नियमित सराव करणे, हेच खरे संरक्षण होय.