वाटाड्यांचे शब्द : क्रासच्या गुहासंशोधनाच्या इतिहासातील एक दुर्लक्षित अंग

परमुलखातील गुहा धुंडाळण्यास निघालेला संशोधक दोर, दिवे व मोजमापाची साधने बरोबर नेऊ शकतो. गुहेचे तोंड कोठे आहे, पावसाळ्यात तिच्यात पाणी किती चढते, आत वारा कोठून येतो, ही माहिती मात्र त्याला बरोबर नेता येत नाही. ती त्या त्या गावी जाऊन तेथील माणसांनाच विचारावी लागते. ती कोणत्या भाषेत विचारली गेली, उत्तर कोणत्या शब्दांत मिळाले आणि पुढे ते शब्द कोणाच्या खाती जमा झाले, हा प्रश्न जितका इतिहासाचा तितकाच भाषाशास्त्राचाही होय. प्रस्तुत लेखकाने दोर लावून कोणत्याही विवरात पाऊल टाकलेले नाही. एका शब्दाच्या व्युत्पत्तीचा माग काढता काढता तो या विषयापाशी येऊन पोचला, हे आरंभीच सांगितलेले बरे.

तो शब्द म्हणजे 'कार्स्ट'. चुनखडीचा खडक पाण्यात विरघळून जेथे गुहा, खळगे व भूमिगत नद्या निर्माण होतात अशा कोणत्याही प्रदेशाला भूगोलशास्त्रात आज ही संज्ञा लावतात. मुळात ते एका विशिष्ट पठाराचे नाव आहे. त्रिएस्त या बंदराच्या पाठीशी पसरलेले हे पठार आज बहुतांशी स्लोव्हेनियात व अंशतः इटलीत मोडते. स्लोव्हेन लोक त्याला 'क्रास' म्हणतात, इटालियन 'कार्सो' आणि जर्मन 'कार्स्ट'. यांपैकी स्लोव्हेन रूपात 'र' आणि स्वर यांची अदलाबदल झालेली दिसते. दक्षिण स्लाव्ह भाषांत हा वर्णविपर्यय नियमाने घडला असून, फ्रँकांचा सम्राट कार्ल (मृत्यू ८१४) याच्या नावापासून 'राजा' या अर्थाचा 'क्राल्य' हा शब्द बनला तो याच वाटेने. याचा अर्थ असा की, स्लाव्ह लोक त्या पठारावर आले तेव्हा ते नाव तेथे आधीपासूनच नांदत होते आणि त्यांनीही ते पूर्वीच्या रहिवाशांना विचारूनच घेतले. स्थानिकाला विचारण्याची परंपरा अशी फार जुनी आहे.

नंतरच्या काळातील पहिला मोठा विचारणारा परदेशी नव्हता, परंतु तो लिहीत होता जर्मनमध्ये. यानेझ वायकार्ड वाल्वासोर हा क्रान्स्का प्रांतातील सरदार. १६८७ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला सदस्यत्व दिले ते मुख्यतः त्सेर्कनित्सा येथील सरोवरावरील लेखनामुळे, आणि १६८९ मध्ये त्याचा आपल्या प्रांताविषयीचा विशाल ग्रंथ प्रसिद्ध झाला. हे सरोवर भरते तेव्हा सुमारे २६ चौरस किलोमीटर पसरते आणि कोरड्या ऋतूत तळच्या भोकांवाटे जमिनीत जिरून नाहीसे होते. मग त्याच तळावर गवत कापतात. कोणते भोक आधी उघडे पडते व कोणते मागाहून, कोठली मासळी कोणी धरावयाची, याचे ज्ञान कोळ्यांना पिढ्यान्‌पिढ्यांचे होते. किंबहुना त्यांचे पोटच त्या ज्ञानावर चालत होते.

या विवरांची नावे येथे मुद्दाम पाहण्याजोगी आहेत. 'रेशेतो' म्हणजे चाळण. 'कोतेल' म्हणजे हंडा. 'वोदोनोस' म्हणजे पाणी वाहून नेणारा. ज्या गुहेतून पाणी उसळण्यापूर्वी ढोलासारखा घुमारा उठतो ती 'बोब्नारित्सा', कारण 'बोबेन' म्हणजे ढोल. विद्वानाला जेथे 'छिद्र' एवढेच दिसते तेथे कोळ्याला घरातील भांडे दिसते, आणि त्या भांड्याच्या कार्यावरून विवराचे वर्तनही कळते. आपल्याकडे निघोज येथे कुकडी नदीच्या पात्रातील खडकांत पडलेल्या खोल खड्ड्यांना 'रांजणखळगे' हे नाव आहे, आणि मराठी भूगोलाच्या पुस्तकांनी तेच पारिभाषिक म्हणून स्वीकारले, ही गोष्ट या जातीचीच. वाल्वासोरने ही नावे जशीच्या तशी टिपून ठेवली यात त्याचा मोठेपणा आहे. त्याच्यानंतरच्या पुष्कळांना एवढा धीर नव्हता.

१८१८ मध्ये सम्राट पहिला फ्रान्सिस पोस्तोयना येथील गुहा पाहण्यास येणार म्हणून तयारी चालू होती. त्या कामावरील लुका चेच या स्थानिक माणसाने १४ एप्रिल रोजी पिव्का नदीपलीकडील कडा चढून आतील प्रचंड दालनांचा मार्ग शोधला. दुसऱ्याच वर्षी गुहा प्रवाशांसाठी खुली झाली. शोधाचे श्रेय मात्र दीर्घकाळ येर्शिनोविच फॉन ल्योवेनग्राइफ या खजिना-अधिकाऱ्याकडे गेले. श्रेय कोणाचे हे ठरविणारी कागदपत्रे जर्मनमध्ये लिहिली जात आणि ती लिहिणारे लोक चेचच्या वर्गातले नव्हते, एवढे म्हटले म्हणजे पुरे. पुढील संशोधकांनी चेचचे नाव त्याला परत दिले.

परंतु याच माणसाच्या बाबतीत दुसरी एक गोष्ट घडली, ती दुरुस्त होण्यासारखी नाही. १८३१ मध्ये चेचला गुहेत एक आंधळा, बारीक मानेचा भुंगेरा सापडला. त्याने तो काउंट फ्रान्झ फॉन होहेनवार्त याला दिला. होहेनवार्तने तो ल्युब्लियाना येथील फेर्दिनांद श्मिट या व्यापारी व कीटकसंग्राहकाकडे पाठविला आणि श्मिटने १८३२ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. केवळ गुहेत राहणाऱ्या कीटकाचे शास्त्रीय वर्णन होण्याची ही पहिलीच वेळ; गुहाजीवशास्त्राचा आरंभ येथून मानण्याची प्रथा आहे. जातीचे नाव ठरले 'लेप्टोडायरस होखेनवार्ती'. प्राणिनामकरणाच्या नियमांनुसार आधीचे नाव अढळ राहते. त्यामुळे ज्याने तो कीटक हातात घेऊन दिव्याजवळ धरला त्याचे नाव त्या संज्ञेत कधीही येणार नाही. स्लोव्हेन भाषेत मात्र त्याला 'द्रोब्नोव्रात्निक', म्हणजे बारीक मानेचा, असे म्हणतात. या नावात कोणाचेच श्रेय नाही, आणि लेखकाच्या मते तेच अधिक न्याय्य आहे.

यानंतर येणाऱ्यांच्या गरजा निरनिराळ्या होत्या. लिंडनर याला त्रिएस्त शहरासाठी पाणी हवे होते. श्कोत्सियान येथे गडप होणारी रेका नदी सुमारे ३५ ते ४० किलोमीटरांवर समुद्राकाठी पुन्हा प्रकट होते. मधल्या वाटेवर ती कोठे तरी गाठता येईल, असा त्याचा कयास. पूर आला की भूगर्भातील पाणी चढते आणि कोंडलेली हवा फटींतून जोराने बाहेर पडते, या खुणेवर विसंबून त्याने त्रेब्चे गावाजवळ खोदकाम चालविले आणि १८४१ मध्ये ३२९ मीटर खोलीवर भूमिगत नदी सापडली. पाणी इतक्या खोलातून वर काढणे शक्य नसल्याने शहराला काही उपयोग झाला नाही, पण पुढे कित्येक दशके ते जगातील सर्वांत खोल ज्ञात विवर होते. आता, कोठल्या फटीतून पुराच्या वेळी वारा सुटतो ही गोष्ट दोन दिवसांच्या पाहुण्याच्या ध्यानी येणारी नव्हे. तेथे वर्षानुवर्षे गुरे चारणाऱ्यालाच ती ठाऊक असावयाची.

श्कोत्सियानच्या गुहांत १८८४ पासून हान्के, मारिनिच व म्युलर या तिघांनी जर्मन-ऑस्ट्रियन आल्पाइन क्लबच्या वतीने पद्धतशीर शोध चालविला. खडकात पायऱ्या खोदणारे व दोर धरणारे आसपासच्या खेड्यांतील लोक होते. १८९३ मध्ये फ्रेंच गुहाविद्येचा प्रवर्तक एदुआर-आल्फ्रेड मार्तेल क्रासला येऊन गेला आणि तेथील सुमारे १४६ मीटर उंचीच्या दालनाला त्याचे नाव मिळाले. आजचा नकाशा उघडला तर हान्केचा कालवा, म्युलरचे दालन, मार्तेलचे दालन अशी नावे ओळीने लागतात. १९०४ मध्ये चार गावकऱ्यांनी म्युलरच्या दालनातील ६० मीटरांची भिंत चढून वर एक कोरडी, निःशब्द गुहा शोधली. तिचे नाव 'तिहा यामा', शांत गुहा. चौघांपैकी कोणाचेही नाव तिला नाही. ही त्यांची उपेक्षा की त्यांची रीत, हे ठरविणे सोपे नाही. वाल्वासोरच्या कोळ्यांनीही 'चाळण' व 'हंडा' हीच नावे दिली होती, आपली स्वतःची नव्हेत.

मार्तेल तेथे गेला त्याच वर्षी व्हिएन्नात योव्हान त्स्वीयिच याचा कार्स्टविषयक जर्मन प्रबंध प्रसिद्ध झाला आणि 'दोलिना', 'उवाला', 'पोल्ये' हे शब्द जगाच्या परिभाषेत स्थिर झाले. स्वतः सर्बियन असल्यामुळे त्स्वीयिचला या शब्दांचा घरगुती अर्थ पूर्ण अवगत होता. 'पोल्ये' म्हणजे नुसते शेत. 'दोलिना' म्हणजे दरी, कोणतीही दरी. श्कोत्सियानच्या दोन अजस्र खळग्यांना गावकरी 'थोरली दोलिना' व 'धाकटी दोलिना' म्हणत. त्या स्थळी तो शब्द बरोबरच होता. परक्यांनी तो उचलला तेव्हा मूळ अर्थ मागे राहिला आणि बशीसारखा बंद खळगा एवढाच अर्थ पुढे गेला. परिणाम असा झाला की, स्लोव्हेन भूगोलतज्ज्ञांना आपल्याच भाषेत आता त्या खळग्याला 'व्रताचा' म्हणावे लागते आणि साध्या शेतापासून वेगळे दाखविण्यासाठी 'क्राश्को पोल्ये', म्हणजे क्रासचे शेत, अशी जोड द्यावी लागते. ऋण दिलेला शब्द सावकारालाच परका व्हावा, अशी उदाहरणे उसनवारीच्या अभ्यासात विरळाच.

हा विषय आपल्यापासून दूरचा वाटेल. पण भारतातही, खासी, जैंतिया व गारो टेकड्यांत, हाच संवाद चालत आलेला आहे. १९२२ मध्ये केंप व चोप्रा या प्राणिशास्त्रज्ञांनी सिजू गुहेतील जीवसृष्टी तपासली. त्या गुहेला गारो लोक 'दोबाक्कोल', वटवाघळांची गुहा, म्हणतात. १९९२ पासून मेघालयात परदेशी गुहाशोधकांच्या तुकड्या स्थानिक मंडळींच्या साहाय्याने मोजणी करीत आल्या असून, क्रेम लियात प्राह या गुहासमूहाची मोजलेली लांबी ३० किलोमीटरांहून अधिक आहे. येथे एक भेद आहे. खासी-जैंतिया भागात जमीन बहुतांशी सरकारची नसून कुळांची, गावाची वा व्यक्तीची असते, त्यामुळे गुहेत शिरण्यापूर्वी गावप्रमुखाची परवानगी घ्यावी लागते. क्रासमध्ये पाहुणा वाट विचारीत असे. येथे तो वाटही विचारतो आणि अनुमतीही. कदाचित यामुळेच 'क्रेम', म्हणजे गुहा, हा खासी शब्द अहवालांत व नकाशांत प्रत्येक नावाच्या आरंभी आपल्या मूळ अर्थासह टिकून राहिला आहे.

चेरापुंजीजवळील क्रेम मौम्लूह येथील एका चुनखडीच्या स्तंभाच्या आधारे २०१८ मध्ये सुमारे ४२०० वर्षांपूर्वी सुरू झालेल्या भूशास्त्रीय कालखंडाला 'मेघालयन' हे नाव देण्यात आले. ते नाव संस्कृत घडणीचे आहे. ज्या दगडावरून तो काळ ओळखला गेला त्या दगडाला खासीत 'मौ' म्हणतात, आणि तो शब्द गुहेच्या नावात अजून आहे.