मद्यमुक्ती व मनःशमन : नागपूर परिसर

मद्यपान सोडणे व सोडल्यानंतरचा संयम टिकविणे ह्यांसाठी क्षुब्ध मनाला आणि पर्यायाने तंत्रिका तंत्राला (मज्जासंस्थेला) शांत करणाऱ्या साधनांचा नागपूर व भोवतालच्या प्रदेशात झालेला उपयोग. ह्या प्रदेशातील दारूविरोधाच्या इतिहासात दोन प्रवाह आढळतात : एक कायद्याचा व दुसरा व्रताचा. पहिल्याची नोंद विपुल आहे. दुसऱ्याचे शरीरविज्ञानदृष्ट्या असलेले महत्त्व मात्र अलीकडे लक्षात येऊ लागले आहे.

कायद्याचा प्रवाह : डिसेंबर १९२० मध्ये नागपूर येथे भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाने असहकाराच्या कार्यक्रमावर शिक्कामोर्तब केले. दारूच्या दुकानांसमोरील निरोधने हे त्या चळवळीचे एक अंग होते. पुढे मध्य प्रांत व वऱ्हाड ह्या प्रांतात, ज्याची राजधानी नागपूर होती, १९३८ मध्ये दारूबंदीचा अधिनियम संमत झाला. स्वातंत्र्यानंतर संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदाने मादक पेयांच्या बंदीसाठी प्रयत्न करणे हे राज्याचे कर्तव्य ठरविले. विदर्भात वर्धा जिल्हा व १९९३ पासून गडचिरोली जिल्हा दारूबंदीखाली आहेत. चंद्रपूर जिल्ह्यातील बंदी २०१५ मध्ये लागू झाली व २०२१ मध्ये उठविण्यात आली. कायदा मद्याची उपलब्धता कमी करू शकतो. परंतु मद्य तुटल्यावर व्यसनाधीन माणसाच्या शरीरात जी खळबळ माजते, तिच्यावर त्याच्यापाशी इलाज नाही.

शारीरिक कारणमीमांसा : मद्यार्क मेंदूतील गाबा ह्या शामक संदेशवाहक द्रव्याचा परिणाम वाढवितो व ग्लुटामेट ह्या उत्तेजक द्रव्याचा परिणाम दडपतो. मद्यपान दीर्घकाळ चालू राहिल्यास मेंदू हा दाब गृहीत धरून आपले उत्तेजन वाढवून घेतो. मद्य एकाएकी थांबले, की दाब नाहीसा होतो, पण वाढलेले उत्तेजन तसेच राहते. हातांचा कंप, घाम, छातीत धडधड, निद्रानाश व भीती ही लक्षणे त्यातून उद्‌भवतात. ती ओसरल्यानंतरही झोपेची तक्रार, चिडचिड व बेचैनी कित्येक आठवडे, कधी महिनोन्‌महिने टिकते. पुन्हा प्याल्याकडे वळण्यास पुष्कळदा ही बेचैनीच कारण होते. कारण ती तात्काळ शमविणारे एकच साधन त्या माणसाला परिचित असते. म्हणून मद्याची जागा घेणारे दुसरे शामक साधन नसेल, तर केवळ निर्धार अपुरा पडतो.

व्रताचा प्रवाह : १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली व आपल्या लाखो अनुयायांना दिली. त्या वेळच्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. बौद्ध पंचशीलातील पाचवे शील मादक द्रव्ये वर्ज्य मानते, ते त्यांपासून प्रमाद म्हणजे बेसावधपणा उत्पन्न होतो म्हणून. त्याच प्रतिज्ञांत अष्टांगिक मार्गाचा स्वीकार असून सम्यक् स्मृती व सम्यक् समाधी ही त्या मार्गाची अंगे आहेत. अशा रीतीने येथे वर्जनाबरोबरच सावधतेचा अभ्यासही सांगितला गेला.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराज (१९०९–६८) ह्यांनी अमरावती जिल्ह्यातील मोझरी येथे गुरुकुंज आश्रम स्थापन केला. खंजिरीच्या साथीवर भजने गात त्यांनी गावोगावी व्यसनांविरुद्ध प्रचार केला. त्यांनी रूढ केलेल्या दिनक्रमात पहाटे सामुदायिक ध्यान व सायंकाळी सामुदायिक प्रार्थना आहे. दारू पिणाऱ्याला सर्वांत अवघड जाणारी वेळ बहुधा सायंकाळची असते. त्याच वेळी सर्वांसमवेत स्वस्थ बसण्याची सवय त्यामुळे उपलब्ध झाली. नागपूरच्या रामनगर भागातील जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळाने विनामूल्य योगशिक्षणाची परंपरा चालविली आहे.

ह्या सर्वांचे हेतू धार्मिक, सामाजिक वा आरोग्यविषयक होते. तंत्रिका तंत्राचे शमन हा आधुनिक वैद्यकाने मागाहून लावलेला अर्थ होय. संथ, दीर्घ श्वसनाने प्राणेशा तंत्रिकेद्वारे परानुकंपी तंत्राची क्रिया वाढते व हृदयाची गती मंदावते. योगक्रियांची प्रयोगशाळेत तपासणी स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये स्थापिलेल्या लोणावळ्याच्या कैवल्यधाम संस्थेत करण्यात आली. सत्यनारायण गोयंका ह्यांच्या परंपरेतील विपश्यनेचे शिबिर अमेरिकेतील सिॲटल येथील एका कारागृहात घेण्यात आले. ते केलेल्या बंदिवानांचे मद्यपान सुटकेनंतर इतरांच्या तुलनेने कमी आढळल्याचे २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. मद्याची ओढ लाटेसारखी येते व तिला प्रतिसाद न देता पाहत राहिल्यास ओसरते, हे ह्या पद्धतीचे सूत्र आहे.

मर्यादा : फार काळ व रोज मद्य घेणाऱ्याने ते घरच्या घरी अचानक तोडणे धोक्याचे असते. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. त्यानंतर भ्रम, भास व तीव्र कंप ह्यांनी युक्त असा कंपोन्माद उद्‌भवून मृत्यूही ओढवू शकतो. अशा वेळी रुग्णालयातील औषधोपचार व ब१ जीवनसत्त्व आवश्यक असतात. श्वसन, ध्यान वा प्रार्थना त्यांना पर्याय ठरत नाहीत. त्यांचे कार्य नंतर सुरू होते, म्हणजे शरीर सावरल्यावर रोजची बेचैनी सोसण्याचे बळ देण्याचे. कायदा, वैद्यक व व्रत ही तिन्ही एकमेकांस पूरक आहेत, असेच ह्या प्रदेशाच्या अनुभवावरून म्हणता येते.