आपल्या जगण्यात लिहिण्यासारखे काय आहे?



गेल्या सुट्टीत काही जुन्या कादंबऱ्या आणि कादंबरीविषयीची काही पुस्तके मी पुन्हा वाचून काढली. निमित्त झाले एका खेड्यातल्या प्राथमिक शिक्षकांचे. ते मला म्हणाले, "सर, लिहायची हौस फार आहे हो. पण आमच्या गावात घडतं काय? पेरणी, काढणी, जत्रा आणि पुन्हा पेरणी. ह्याच्यावर लिहिलेलं कोण वाचणार?" मला तिथल्या तिथे उत्तर सुचले नाही. ते आज देतो. कारण हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही. मराठी कादंबरी जवळजवळ जन्मापासून तो विचारीत आली आहे.

बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' १८५७ साली निघाली. आपली पहिली स्वतंत्र कादंबरी म्हणून तिचे नाव घेतात. तिचा विषय विधवांचे हाल, म्हणजे अगदी घरातलाच. पण ही वाट पुढे लगेच रुळली नाही. १८६१ साली लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' आली, १८६८ साली नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' आली, आणि वाचक राजपुत्र-राजकन्यांच्या अद्भुत दुनियेत रमून गेले. 'मंजुघोषा'ची पाने आजही भराभर उलटतात. पण पुस्तक मिटल्यावर एकही माणूस ओळखीचा झाल्यासारखा वाटत नाही, असे माझे मत झाले.

गंमत अशी की, रिसबुडांना स्वतःला ह्याची जाणीव होती. प्रस्तावनेत त्यांनी सरळ सांगून टाकले आहे की, आमच्या लग्नाच्या चालीमुळे आणि इतर कारणांमुळे आमच्या आयुष्यात गोडी वाटावी असे काही घडतच नाही. रोजचे लिहावे तर ते रंजक होणार नाही. म्हणून अद्भुताचा आश्रय घेणे भाग आहे. पाहिलंत ना? आमच्या गुरुजींचीच तक्रार, दीडशे वर्षांपूर्वीची!

तिला पहिला विरोध झाला तो लवकरच. काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी १८७२ साली 'नावल व नाटक ह्यांविषयी निबंध' लिहिला. 'कादंबरी' हे बाणभट्टाच्या संस्कृत ग्रंथावरून घेतलेले नाव तेव्हा पुरते ठरलेले नव्हते. 'नावल' असेही म्हणत. मराठ्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, आपल्या नावलांतल्या गोष्टी अनुभवाला धरून नाहीत. निबंध आज वाचायला जड जातो खरा, पण त्यांनी दुखण्यावर नेमके बोट ठेवले होते.

मात्र टीका कितीही खरी असली तरी वाचकाची खात्री पटते ती पुस्तकाने. तसे पुस्तक हरि नारायण आपट्यांनी दिले. १८९० साली सुरू झालेल्या 'करमणूक' पत्रात त्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' क्रमशः येऊ लागली. तीत यमू नावाची मुलगी आपली हकिकत आपल्या तोंडाने सांगते. माहेर, सासर, स्वयंपाकघर, वैधव्य आणि शेवटी जबरदस्तीने झालेले केशवपन. जिथे काही घडत नाही असे रिसबुडांना वाटले, तेच हे घर. हरिभाऊंनी नवे काही शोधून आणले नाही. त्या घरातल्या मुलीचे म्हणणे त्यांनी ऐकून घेतले.

आता लेखन शिकवणाऱ्या पुस्तकांविषयी. ना. सी. फडके यांचे 'प्रतिभासाधन' १९३१ साली प्रसिद्ध झाले. कथानक कसे गुंफावे, उत्कंठा कशी वाढवावी, निरगाठ कशी उकलावी हे फडके फार सुबोध सांगतात. लेखन ही अभ्यासाने साधणारी गोष्ट आहे, हा धीर त्या पुस्तकातून मिळतो. त्यासाठी नवशिक्याने ते जरूर वाचावे. पण एक ध्यानात ठेवा. गवंड्याच्या ओळंब्याने भिंत सरळ होते. दगड मात्र खाणीतूनच आणावे लागतात. नुसत्या तंत्रावर उभी केलेली कादंबरी आखीव होते, पण तीत कोणी राहायला येत नाही.

ह्याच्या उलट व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' पाहा. १९५५ साली पुस्तकरूपाने आलेली ही लहानशी कादंबरी. माणदेशातली धनगरांची वाडी, बंद पडलेली शाळा आणि नव्याने आलेला कोवळ्या वयाचा मास्तर. मेंढरे, भांडणे, गावाने कष्टाने उभारलेली तालीम, शेवटी दुष्काळ आणि ओस पडत जाणारी वाडी. चढत्या क्रमाने उत्कंठा वाढवणारे गुंतागुंतीचे कथानक येथे नाही. तरी वाडी ओस पडते तेव्हा आपल्याच घराचे दार लागल्यासारखे वाटते. हे माडगूळकर पुढे पुणे आकाशवाणीवर ग्रामीण कार्यक्रमांचे काम पाहत असत, हे तुमच्यापैकी जुन्या श्रोत्यांना आठवतही असेल.

तेव्हा गुरुजी, माझे उत्तर असे. तुमच्या गावात काही घडत नाही असे नाही. जे घडते ते लिहिण्याजोगे आहे, असे कोणी तुम्हांला सांगितलेले नाही. शाळेच्या हजेरीपटावर एखाद्या मुलीच्या नावापुढे महिनाभर गैरहजेरी पडते. ती का, एवढे एक विचारून या. घरी येऊन दहा ओळी लिहा, जसे ऐकले तसे. तंत्राचे पुस्तक त्यानंतर उघडा. आधी नको.